काटकसर कशात करावी? (व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची गोष्ट)



सत्तरी ओलांडलेल्या आणि जन्मभर शाळेत इतिहास-मराठी शिकवलेल्या बाईने गिटारच्या अँप्लिफायरवर लिहायला घ्यावं, हे पाहून काही भुवया उंचावतील. उंचावू द्यात. निमित्त नातवाचं आहे. तो अकरावीत आहे, वर्षभर गिटार शिकतो आहे, आणि आता त्याला 'ट्यूब अँप' हवा आहे. तोही स्वस्तातला, कारण निम्मे पैसे त्याने स्वतः साठवायचे असा आमच्या घरचा करार आहे. ट्यूब म्हणजे काय ते मला कळायला दोन दिवस लागले, आणि कळलं तेव्हा हसू आलं. ही तर आपली जुन्या ओळखीची काच! आम्ही तिला व्हॉल्व्ह म्हणायचो.

त्याने आपल्यापुरता एक तोडगाही काढला होता. हिंजवडीच्या या अकराव्या मजल्यावरच्या घरात माझ्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून कपाटावर आहे. "आजी, हा दुरुस्त करून यालाच गिटार जोडू या की! जवळजवळ फुकटात काम होईल." कल्पना वाईट नाही. नवीही नाही. आमच्या लहानपणी गल्लीतल्या पोरांनी हेच केलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे. म्हणून 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी सगळा इतिहास एकदा नीट मांडावा असं वाटलं. घरच्यांसाठी, आणि असाच हट्ट ज्यांच्या घरात चालू असेल अशा इतर आजी-आजोबांसाठीही.

व्हॉल्व्ह करतो काय?

१९०४ साली लंडनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी काचेच्या निर्वात नळीत एक तापणारी तार आणि समोर एक धातूची पट्टी बसवली. तार तापली की तिच्यातून विजेचे कण सुटतात आणि पट्टीकडे धावतात. उलट दिशेने मात्र येत नाहीत. एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, म्हणून नाव पडलं व्हॉल्व्ह. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तार आणि पट्टी यांच्या मध्ये एक तिसरा भाग घातला. त्यातूनच पुढे बारीक तारेची जाळी आली, आणि सगळी जादू त्या जाळीत आहे.

वर्गात मी हे असं सांगितलं असतं: कालव्याच्या दाराचं चाक एक माणूस एका हाताने फिरवतो, पण दारातून जे पाणी धावतं ते सगळ्या धरणाच्या जोराचं असतं. जाळी म्हणजे ते दार. गिटारच्या तारेतून आलेली इवलीशी वीज जाळीला हलवते, आणि तिच्या तालावर घरातली मोठी वीज नाचते. म्हणजे चाल गिटारची आणि जोर वीज मंडळाचा. अँप्लिफायर म्हणतात तो एवढाच.

आपल्याकडे ही काच आली कशी?

मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. ते चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी लवकरच बुडाली, पण रेडिओ राहिला. सभांमधले कर्णेही व्हॉल्व्हवरच चालत. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारी शिकागो रेडिओ ही मुंबईची कंपनी त्या काळी प्रसिद्ध होती. तिचे नानिक मोटवानी हे १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर आरोपी होते. चले जाव चळवळीचा आवाज मुंबईतून हवेत सोडणारं ते यंत्रही याच तापणाऱ्या काचांचं. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं.

मग काच आपल्या दाराशीच आली. १९५९ मध्ये फिलिप्सने पुण्याजवळ भारतातला आपला दुसरा रेडिओ कारखाना काढला (पहिला कोलकात्याला होता), आणि १९६५ च्या एप्रिलमध्ये त्या कंपनीचा भारतात बनलेला दहा लाखावा रेडिओ बाहेर पडला. बेंगळुरूला १९५४ साली स्थापन झालेल्या सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवायला सुरुवात केली. त्यामुळे आमच्या तरुणपणी व्हॉल्व्ह ही काही अप्राप्य वस्तू नव्हती. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ रेडिओचे सुटे भाग मिळत, आणि चार गल्ल्यांत एक तरी रेडिओ दुरुस्त करणारा असे, ज्याच्या दुकानात जळक्या राळेचा वास कायम भरलेला असे.

गंमत म्हणजे व्हॉल्व्हचं राज्य आपल्याकडे असं भरात येत होतं तेव्हा तिकडे त्याचा वारस जन्मून बसला होता. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. तो लहान, थंड, स्वस्त, टिकाऊ. पुढच्या पंचवीस वर्षांत त्याने घराघरातून व्हॉल्व्हला हुसकावलं. एक कोपरा तेवढा त्याला घेता आला नाही. तो म्हणजे गिटारचा अँप्लिफायर.

गिटारला वीज

इथे एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. विजेवर चालणारी बाजारात आलेली पहिली गिटार ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. अमेरिकेत १९३१-३२ मध्ये रिकनबॅकरने ती काढली. तिच्या आकारामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणत. आणि आपल्याकडे ज्या गिटारचं वेड होतं ती हीच. व्हॅन शिप्ले, हजारासिंग यांच्या गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या तबकड्या घरोघर लागत. स्टीलचा तुकडा तारेवर सरकवला की मींड निघते, ती आपल्या कानाला लगेच आपली वाटते. ब्रिजभूषण काब्रांनी तर १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने तिला रागदारीच्या बैठकीत बसवलं.

माझा दादा त्याच वेडातला. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा असायचा, पण वाजवणारी बहुतेक पोरं हौशी. गिटार कशीबशी मिळे, परदेशी अँप्लिफायर मात्र स्वप्नातही परवडत नसे. आयातीवर बंधनं होती आणि किंमत ऐकूनच माणूस गप्प बसे. मग उपाय काय? व्हॉल्व्हच्या बहुतेक रेडिओंच्या पाठीमागे तबकडीचा प्लेयर जोडण्यासाठी दोन भोकं असत, पिक-अपची. त्यात गिटारची वायर खुपसली की रेडिओतून गिटार वाजे! नातवाला सुचलेला तोडगा तो हाच.

आणि हे फक्त आपल्या गरिबीचं लक्षण आहे असं समजू नका. ज्याच्या नावाने जगभरचे वादक शपथा घेतात तो लिओ फेंडर १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटून बसलेला माणूस. त्याने १९४८ पासून नवशिक्यांसाठी एक चिमुकला अँप्लिफायर काढला, तोच पुढे 'चँप' म्हणून गाजला. दोन-तीन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर, जेमतेम पाच वॉट. आतली रचना रेडिओच्या शेवटच्या टप्प्यासारखीच. लंडनमध्ये जिम मार्शल नावाचे ड्रमचे शिक्षक वाद्यांचं दुकान चालवत. अमेरिकन अँप्लिफायर तिथल्या मुलांनाही महाग पडत, म्हणून १९६२ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरचाच एक नमुना समोर ठेवून, हाताशी मिळतील ते इंग्लिश भाग वापरून आपला अँप्लिफायर बनवला. आज मार्शल म्हणजे केवढं नाव! सुरुवात मात्र 'परदेशी परवडत नाही, घरीच करू' अशी. म्हणजे स्वस्तात काम भागवणं ही या वाद्याची परंपराच आहे. नातवाला मी हे मुद्दाम सांगितलं, कारण वर्गातल्या मुलांकडे महागडी सामग्री पाहून तो थोडा खट्टू झाला होता.

दोष की गुण?

मग ट्रान्झिस्टरला हा कोपरा का जिंकता आला नाही? कारण विचित्र आहे. अभियंत्यांनी पन्नास वर्षं जो दोष काढून टाकायचा प्रयत्न केला, तोच वादकांना आवडला.

कोणत्याही अँप्लिफायरला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त राबवलं की आवाज फाटतो. ट्रान्झिस्टर फाटतो तो कात्रीने कापल्यासारखा. लहरीचा माथा सपाट छाटला जातो आणि कानाला टोचतो. व्हॉल्व्ह हळूहळू नमतो. माथा कापला न जाता गोलसर दाबला जातो, आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर उमटतात. लहान, एकाच शेवटच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये दुपटीचा उपस्वर चांगला ऐकू येतो. दुपटीचा म्हणजे मूळ सा धरला तर वरचा सा. तिपटीचा म्हणजे त्याच्या वरचा पंचम. आपल्याला हे काही नवं नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात ती कशासाठी? तार घोडीला नुसती टेकून न राहता झणझणावी, उपस्वर फुलावेत, स्वयंभू गंधार ऐकू यावा म्हणून. मोजमाप घेणाऱ्याला ती झणझण म्हणजे खरखर वाटेल. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या तीच घासूनपुसून साधली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. व्हॉल्व्ह म्हणजे गिटारची जवारी, असं मी आमच्या मुलाला सांगितलं तेव्हा कुठे त्याला पटलं. एरवी तो, "आई, हल्ली हे सगळं प्रोग्रॅमने होतं," म्हणत होता.

होतही असेल. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने व्हॉल्व्हचा एक फायदा मला शिक्षिका म्हणून पटला. हलक्या हाताने छेडलं तर स्वच्छ, जोर दिला तर करकरीत. सगळा फरक बोटांवर असतो. शुद्धलेखनाच्या वहीसारखं आहे हे, हात कुठे घसरला ते लगेच दिसतं.

स्वस्त म्हणजे हलका असंही नाही. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या चमूतल्या डेव्ह डेव्हिस नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या लहानशा स्वस्त अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या आवाजाने त्यांचं 'यू रिअली गॉट मी' हे गाणं जगभर गाजलं. (आमच्या बाळाने हे वाचून ब्लेड शोधू नये. ह. घ्या.) आणि एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये 'लायला' ध्वनिमुद्रित केलं ते नवशिक्यांच्या त्या चिमुकल्या चँपवर.

आता रेडिओचा प्रश्न

इथवर वाचून नातू खूश झाला होता. रेडिओवालाच फेंडर झाला, मग आपला रेडिओ का नको?

१९६८ चा पावसाळा. दादाचा एक मित्र आमच्या गल्लीतल्या एका घरी असाच रेडिओला गिटार जोडून वाजवत असे. दोन-तीन महिने सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी तो बाहेरून भिजून आला आणि अनवाणी, ओल्या शहाबादी फरशीवर उभा राहून त्याने तारांवर हात ठेवला. हात तारांना चिकटला. तोंडातून आवाजसुद्धा फुटेना. दादाने प्लग खेचून काढला म्हणून तो वाचला. बोटं भाजली, आणि पुढे वर्षभर त्याने गिटारला हात लावला नाही. त्याची आई दारात बसून रडत होती, तो चेहरा मी विसरलेले नाही.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने नंतर कारण सांगितलं. ते प्रत्येकाने समजून घेण्यासारखं आहे. चांगल्या रेडिओत आत एक लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर असतो. भिंतीतली वीज त्याच्या एका गुंडाळीत येते आणि रेडिओला दुसऱ्या गुंडाळीतून मिळते. दोन्हींत तारेचा जोड नसतो, फक्त चुंबकाचा संबंध. पण त्या काळी देशात काही ठिकाणी डीसी वीज होती, काही ठिकाणी एसी. ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही. म्हणून कंपन्यांनी ट्रान्सफॉर्मरच नसलेले, दोन्हींवर चालणारे 'एसी/डीसी' रेडिओ काढले. लोखंड-तांबं वाचलं, वजन घटलं, किंमतही उतरली. सगळ्या व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारा एकापुढे एक जोडल्या की काम भागे. पण अशा रेडिओची आतली पत्र्याची बैठक भिंतीतल्या विजेच्या एका तारेलाच जोडलेली असते. लाकडी पेटी, मागे पुठ्ठा, बाहेर प्लास्टिकच्या कळी. रेडिओ म्हणून ऐकताना धोका नाही. पिक-अपच्या भोकांना आत कंडेन्सरची आड असे, पण कंडेन्सर जुना झाला की गळतो.

गिटार जोडली की काय होतं? गिटारच्या तारा वायरच्या बाहेरच्या जाळीला जोडलेल्या असतात आणि जाळी रेडिओच्या बैठकीला. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं आणि भिंतीतली वीज यांच्यात एका म्हाताऱ्या कंडेन्सरशिवाय काही उरत नाही. त्या वेळचा दोन पिनांचा प्लग कसाही बसे. सुलटा बसला तर बैठकीवर न्यूट्रल, काही कळत नाही. उलटा बसला तर बैठकीवर फेज. तीन महिने प्लग सुलटा होता. त्या दिवशी उलटा प्लग आणि ओली फरशी एकत्र आली.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर वाचवून बनवलेले नवशिक्यांचे स्वस्त गिटार अँप्लिफायर निघत. त्यांना तिथले वादक आजही 'विडोमेकर' म्हणतात, बायकोचं कुंकू पुसणारे.

आमच्या कपाटावरच्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर चश्मा लावून वाचलं. एसी/डीसी. योगायोग असा की नातवाच्या आवडत्या टी-शर्टवरही तीच अक्षरं! त्या ऑस्ट्रेलियन चमूला ते नाव बहिणीने सुचवलं, शिलाई मशीनवर वाचून. टी-शर्ट वापरायला माझी हरकत नाही. रेडिओला मात्र नाही म्हटलं. मध्ये वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून, सगळे कंडेन्सर बदलून हे सुरक्षित करता येतं, असं एका जाणकाराने सांगितलं. पण मग ते फुकटात राहत नाही, आणि काम अर्धवट माहितीच्या माणसाचं नाही.

तर या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. फेंडरनेही काटकसर केली, रेडिओवाल्यांनीही केली. फेंडरने ती आकारात केली: व्हॉल्व्ह कमी, स्पीकर लहान, वॉट थोडे. त्यातून पिढ्या शिकल्या. दुसऱ्यांनी ती ट्रान्सफॉर्मरमध्ये केली, म्हणजे माणूस आणि वीज यांच्यातली भिंतच काढून टाकली. नवशिक्याने स्वस्त जरूर घ्यावं, पण लहान आहे म्हणून स्वस्त असलेलं घ्यावं.

मग घ्यायचं काय?

आधी वॉट. दुकानात पन्नास वॉट ऐकलं की पाच वॉट खेळणं वाटतं. पण कानाचा हिशेब वेगळा आहे. वॉट दहापट केले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पाच आणि पन्नास यांत फरक दुपटीचाच. गिटारसाठीचे स्पीकर एका वॉटला एक मीटर अंतरावर ९० ते १०० डेसिबल आवाज देतात. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. करा हिशेब! म्हातोबाच्या यात्रेला बगाड निघतं तेव्हा हिंजवडी-वाकडमध्ये कितीही गजर होवो, तो वर्षातून एकदा. रोजच्या रियाजाला, फ्लॅटमध्ये, एक वॉटसुद्धा भरपूर आहे. खुद्द मार्शलने, ज्यांचं नाव कानठळ्यांसाठी, २०१२ मध्ये आपल्या पन्नाशीला एक-एक वॉटचे अँप्लिफायर काढले. शिवाय व्हॉल्व्हची ती गोडी तो जरा राबल्यावरच येते. पन्नास वॉटचा अँप घरात कुजबुजत वाजवला तर पैसे गेले आणि गोडीही नाही.

दुसरं, वीज. ट्रान्सफॉर्मर असलेला, तीन पिनांचा आणि २३० व्होल्टचाच घ्यावा. घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. न्यू जर्सीचा भाचा "मावशी, इथून घेऊन येतो, स्वस्त पडेल" म्हणाला. बाळा, तुमच्याकडे वीज १२० व्होल्टची. इथे सरळ लावला तर दिवाळीआधीच फटाका वाजेल. वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर बचत तिथेच संपली, आणि बॅगेचं वजन वेगळं.

तिसरं, 'ट्यूब' लिहिलेलं सगळं सारखं नसतं. काहींत सुरुवातीच्या टप्प्यात एकच व्हॉल्व्ह आणि पुढचं सगळं ट्रान्झिस्टरचं. ते वाईट नाहीत, पण विचारून घ्यावं. शेवटच्या टप्प्यातही व्हॉल्व्ह हवा असेल तर नवशिक्यांसाठी गेल्या वीस वर्षांत निघालेले लहान अँप्लिफायर असे: एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनिअर (५ वॉट), व्हॉक्सचा एसी ४ (४ वॉट), ब्लॅकस्टारचा एचटी १ आणि मार्शलचा डीएसएल १ (१ वॉट), बुगेराचा व्ही ५ (५ वॉट, पण बटणाने १ किंवा ०.१ वॉटवर आणता येतो). यांतले काही आता फक्त वापरलेलेच मिळतात.

चौथं, वापरलेला घेताना व्हॉल्व्ह कोणते आहेत ते पाहावं. ईसीसी ८३, ईएल ८४, ६ व्ही ६ हे नेहमीचे; ते अजून स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये बनतात. आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह करणं केव्हाच थांबवलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा रशियन व्हॉल्व्ह बंद होणार म्हणून जगभर किमती भडकल्या होत्या. तेव्हा एखादा जास्तीचा जोड घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

पाचवं, दोन पथ्यं. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप चालू करू नये, आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि पाठ उघडू नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्टची वीज साठून राहू शकते.

आणि हेही सांगायला हवं की पहिलं वर्ष साध्या ट्रान्झिस्टरच्या अँपवर काढलं तरी काही बिघडत नाही. तो स्वस्त, हलका, आणि त्यात बदलायला काही नाही. आमच्याकडे ते वर्ष काढून झालं आहे, बोटांना घट्टे पडले आहेत, म्हणून मी व्हॉल्व्हला मत दिलं.

घरात ठरलं ते असं. पाच वॉटचा, वॉट कमी करण्याचं बटण असलेला, २३० व्होल्टचा. दिवाळीपर्यंत नातवाचे निम्मे पैसे जमतील, उरलेले माझ्या पेन्शनमधून. रियाजाची वेळ संध्याकाळी पाच ते सात, कारण खालच्या मजल्यावरचा मुलगा अमेरिकेच्या कामासाठी रात्रपाळी करतो आणि दुपारी चारपर्यंत झोपलेला असतो. त्याला मी स्वतः जाऊन विचारून आले. तो म्हणाला, "आजी, पाचनंतर वाजवू द्या, आणि एखादं जुनं गाणं येत असेल तर तेही वाजवायला सांगा."

असो. तांत्रिक बाबतीत चू. भू. द्या. घ्या.